शेवटची म्हैस ठेवू का? आणि रिकाम्या पहाटेचं काय करू?

वैरागची_माई
जानेवारी, संक्रांतीनंतर

नमस्कार. मी इथं पहिल्यांदाच लिहिते आहे. नातीनं फोनवर मराठी टायपिंग लावून दिलं, पण उजव्या हाताचं बोट अजून नीट चालत नाही, त्यामुळे हे लिहायला दोन दिवस लागलेत.

माझं वय ६७. बार्शी तालुक्यात वैरागच्या पुढं, गावापासून दोन किलोमीटर आत आमची वस्ती आहे. मी आणि हे, दोघंच राहतो. ह्यांना ७३ चालू आहे. पाच एकर रान. दोन एकर मालदांडी ज्वारी, एक एकर तूर, गुरांपुरता घास, बाकी माळ. डाळिंब होतं, ते तेल्या रोगानं गेलं. मुळासकट काढून टाकलं. त्याबद्दल आता काही विचारायचं नाही.

विचारायचं आहे ते म्हशीबद्दल. मी १९७७ साली लग्न होऊन या वस्तीवर आले तेव्हा दावणीला दोन पंढरपुरी म्हशी होत्या. शिंगं पार खांद्याच्या मागं गेलेली. मी माहेरी कधी धार काढली नव्हती. सासूबाईंनी आठ दिवसांत शिकवली. तेव्हापासून बाळंतपणं आणि एकदा पुण्याला राहून आलो ते सोडलं तर एक पहाट चुकली नाही. चारला उठायचं, शेण काढायचं, वैरण टाकायची, आंबोण ठेवायचं, धारा काढायच्या, साडेसहाला डेअरीची गाडी फाट्यावर येते तिला कॅन द्यायचा. मुलांची शिक्षणं या दुधावर झाली. मुलीचं लग्न झालं. मुलगा पुण्यात कंपनीत आहे.

वसुबारसेच्या पहाटे मी गोठ्यात घसरले. मुताच्या नाळीजवळ फरशी शेवाळली होती. पडताना हात टेकला आणि उजवं मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर होतं. त्या काळात चार म्हशींपैकी तीन मुलानं येऊन बाजारात नेल्या. त्याचं चुकलं असं मी म्हणत नाही. ह्यांना धार काढता येत नाही आणि त्यांची कंबर वाकत नाही. मी खाटेवर बसून होते. टेम्पोत चढताना मोठीनं मागं वळून हंबरडा फोडला, तो अजून कानात आहे.

आता एकच राहिली आहे. सातवा महिना गाभण. थोडं दूध देते, ते शेजारच्या वस्तीवरचा एक मुलगा कसाबसा काढून देतो. महिनाभरात आटेल. एप्रिल सरता सरता व्यायेल. मुलगा म्हणतो, गाभण आहे तोवर भाव चांगला येईल, विकून टाकू आणि तुम्ही पुण्याला या. पुण्याला आम्ही मागं तीन आठवडे राहून आलो. मुलगा-सून मायेनं करतात, पण आम्हाला तिथं राहायचं नाही. ते ठरलेलं आहे.

हाताची मूठ पूर्ण वळत नाही. गुडघे आधीपासून धरलेले, उकिडवं बसता येत नाही. डॉक्टर म्हणाले हाडं ठिसूळ झालीत, पुन्हा पडू नका.

माझं खरं दुखणं मात्र वेगळं आहे. पहाटे चारला अजून जाग येते. अंधारात पडून राहते. गाडीचा हॉर्न साडेसहाला फाट्यावर वाजतो आणि आमच्या दारातून कुणी जात नाही. दिवसभर बसलं की अपराध्यासारखं वाटतं. सासूबाई म्हणायच्या, दिवसा पाठ टेकली की लक्ष्मी पाठ फिरवते. त्या जाऊन बावीस वर्षं झाली, तरी दुपारी आडवी झाले की दारात त्या उभ्या आहेत असं वाटतं.

यंदाची येळवस, म्हणजे वेळ अमावास्या, सांगते. आमच्या भागात येळवसेला रानात कोप करून पांडव पुजतात. भज्जी, उंडे, आंबील, खीर, सगळं घरून न्यायचं. दरवर्षी तीस-चाळीस माणूस जेवतं. आंबिलाचं मडकं डोक्यावर घेऊन मी पुढं चालायची आणि बाकीचे मागं. यंदा मडकं सुनेनं घेतलं. मी मागून, ह्यांच्या काठीच्या वेगानं गेले. पोचेपर्यंत पूजा मांडून झाली होती. कुणी काही वावगं बोललं नाही, उलट खुर्ची आणून ठेवली होती. मी त्या खुर्चीत बसले आणि मला घास गिळेना.

ज्यांनी आपलं काम कमी केलंय त्यांना विचारते. म्हैस ठेवू का विकू? आणि काम सुटल्यावर तुम्ही दिवस कसा काढला? पुस्तकात लिहितात तसं नको. तुम्ही काय केलं ते सांगा.

---

कोरडवाहू_६२

माई, स्पष्ट लिहितो, राग मानू नका. एका म्हशीचा हिशेब बसत नाही. कडबा विकत नाही म्हणून तो फुकट धरू नका, बाजारात त्याला दर आहे. सरकी पेंड, घासाचं पाणी, डॉक्टर, रेतन आणि मजुराचा हात धरला तर दूध विकत आणलेलं स्वस्त पडतं. चार होत्या तोवर ठीक होतं. विका. गाभण जनावराला गिऱ्हाईक लगेच मिळतं, हे मुलाचं म्हणणं बरोबर आहे.

---

सांगोल्याची_आक्का

माई, मी तुझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठी आहे, म्हणून तू म्हणते. वर दादांनी हिशेब सांगितला तो खोटा नाही. पण तू हिशेब विचारला नव्हतास.

मी माझं सांगते. आमची सगळी जमीन पावसावरची. मालक गेले तेव्हा मी ६५ ची होते. बोराची साठेक झाडं, चार एकर ज्वारी आणि सात शेरडं. दोन वर्षांनी मला चक्कर यायला लागली. बीपी निघालं. सगळे म्हणाले कमी कर. मी कमी केलं, पण उलटं केलं. शेरडं विकली, कारण ती माझी हौस होती आणि हौस सोडायला कुणाची परवानगी लागत नाही. आणि आडावरून पाण्याच्या घागरी आणणं चालू ठेवलं, कारण ते काम होतं. लाकडं फोडणं चालू ठेवलं. ज्वारी काढायला बायकांच्या पातीला लागत राहिले, मागं पडले तरी.

वर्षभर अंगात जीव नव्हता. मला वाटलं म्हातारपण म्हणतात ते हेच. मग भाचा आला. त्यानं विचारलं, आत्या, या सगळ्यात जड काय आहे? मी म्हणाले घागरी. त्यानं आठ दिवसांत पाचशे लिटरची टाकी दगडाच्या चौथऱ्यावर बसवली, स्वयंपाकघरात नळ दिला. मी पहिल्या दिवशी नळ सोडून नुसती बघत उभी राहिले. चाळीस वर्षं वाहिलेलं पाणी आपोआप येत होतं. त्याच महिन्यात मी रविवारच्या बाजारातून शेळीच्या दोन पाठी आणल्या.

म्हणून सांगते, म्हैस जड आहे की धार काढणं जड आहे, हे आधी वेगळं कर. धार तुझ्या हातानं होणार नाही, ते मान्य कर. त्याला वर्ष लागतं, मला लागलं. पण म्हैस बघायला, तिच्याशी बोलायला, ती माजावर आली का, कास उतरली का, रवंथ करते का हे ओळखायला मूठ लागत नाही. ते शेजारच्या पोराला येत नाही. तुला येतं.

आणि आत्ता काही ठरवू नको. हात दुखतोय तोवर घेतलेला निर्णय हाताचा असतो. ती आता आटेल. आटलेल्या म्हशीला चारा, पाणी आणि व्यायच्या आधी थोडं सकस, एवढंच लागतं. दोन महिने मिळतायत, ते घे. व्याल्यावर कोण धार काढणार ते तोवर शोध. आणि सापडलं नाही तर वीक, व्यालेल्या म्हशीलाही गिऱ्हाईक येतं.

पहाटेचं म्हणशील तर मला अजून साडेचारला जाग येते. मी उठते. चूल पेटवते, एक कप चहा एकटीनं बसून पिते. आधी तो चहा उभ्यानं प्यायचे. आता उजाडेपर्यंत पितेय. बस, एवढंच केलं मी.

येळवसेच्या खुर्चीचं वाचून माझ्या डोळ्यात पाणी आलं. पुढच्या वर्षी आंबील तू घाल. मडकं कुणीही नेऊ दे. पण आंबट किती झाली, पीठ किती भिजवायचं, ते तुझ्या जिभेवरनं ठरू दे.

दुधाच्या बदल्यात काही लावायचं असेल तर माळावर बोरं लाव. पाणी मागत नाहीत, ताण सोसतात, कडक उन्हात पानं टाकून गप राहतात. एप्रिलात छाटली की थंडीत फळ. तोडणी जमिनीवर उभ्यानं होते.

---

करमाळ्याचा_पुण्यात

काकू, मी तुमच्या मुलाच्या जागी आहे. करमाळ्याजवळ आई-वडील वस्तीवर आहेत. मीही तीन वर्षं 'इकडे या' म्हणत होतो आणि दर फोन भांडणात संपत होता. दोन वर्षांपूर्वी वडील रात्री मोटार चालू करायला गेले. त्या आठवड्यात शेतीला रात्रीची लाईट होती. बांधावरून पडले आणि तासभर तिथंच होते, कारण आईला ऐकू गेलं नाही. त्यानंतर मी 'या' म्हणणं सोडलं आणि वस्तीच दुरुस्त करायला घेतली. त्यांचं आयुष्य तिथं आहे, तर तिथलं पडणं कमी करायचं, एवढं माझ्या हातात होतं.

काय काय केलं ते लिहितो, तुमच्या मुलाला वाचून दाखवा.

मोटारीला मोबाईल स्टार्टर बसवला. पुण्यातून मीही चालू-बंद करू शकतो. मग दुसऱ्या विहिरीवर, जिथं विजेची जोडणी नव्हती, सौर पंपाचा अर्ज केला. 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेत आपला हिस्सा दहा टक्के असतो, अनुसूचित जाती-जमातींना पाच. अडीच एकरांपर्यंत तीन अश्वशक्ती, पाच एकरांपर्यंत पाच मिळतो. तुमचं रान पाच एकर म्हणजे, विजेची जोडणी नसेल तर, दुसऱ्यात बसतं. नंबर लागायला वेळ गेला, पण आता पाणी दिवसा उन्हाबरोबर सुरू होतं आणि रात्री कुणी रानात जात नाही. माझ्यासाठी या यादीत हीच गोष्ट सगळ्यात मोठी आहे.

घरापासून गोठा आणि संडासापर्यंत सोलरचे दिवे, माणूस दिसला की लागणारे. संडासात कमोड आणि भिंतीला धरायची दांडी. गोठ्यातल्या फरशीला टाके मारून घेतले, पाय धरतो. रबरी मॅटही मिळतात, जनावरांच्या गुडघ्यालाही बऱ्या. आईच्या गळ्यात शिट्टी. हसू नका काकू, फोन खाटेवर राहतो, शिट्टी गळ्यात राहते.

तुमच्या मुलानं म्हशी नेल्या तेव्हा तो घाबरलेला असणार. मी होतो.

---

हाडवैद्य_नाही_फिजिओ

मावशी, मी सोलापुरात फिजिओथेरपिस्ट आहे. तपासल्याशिवाय नेमकं सांगता येणार नाही, पण काही गोष्टी तुमच्या लिहिण्यातूनच दिसतात.

उभ्या उंचीवरून पडून मनगट मोडलं, म्हणजे हाडांकडे आता लक्ष द्यायलाच हवं. डॉक्टरांनी औषध दिलं असेल तर बरं वाटतंय म्हणून मध्येच सोडू नका. हाडांची घनता मोजायची तपासणी झाली नसेल तर विचारा. ड जीवनसत्त्वही तपासून घ्या. रानात राहणाऱ्यांतही ते कमी निघतं, कारण अंग पूर्ण झाकलेलं असतं.

प्लास्टर निघून महिना-दीड महिनाच झालाय. मूठ अजून बरीच सुधारू शकते. कोमट पाण्यात हात बुडवून ओलं फडकं पिळा. मऊ कणकेचा गोळा दाबा. दिवसातून चार वेळा, पाच-पाच मिनिटं. वेदना वाढली, सूज आली तर थांबा. बार्शीत फिजिओ आहेत, एसटीला महिलांना अर्धं तिकीट आहे, आठवड्यातून एकदा जाऊन या. हे आत्ता केलंत तर फरक पडतो. वर्षानं केलंत तर तेवढा पडत नाही.

अंगठा दुमडून धार काढत असाल तर ते कायमचं बंद. सगळा भार अंगठ्याच्या मुळाशी जातो, आणि म्हशीच्या सडालाही ते बरं नसतं. जो कुणी शिकेल त्याला पूर्ण मुठीनं काढायला शिकवा.

आणि दुपारचं आडवं होणं. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४३-४४ ला जातो. वय वाढलं की तहान उशिरा कळते, अंग थंड ठेवायची ताकद कमी होते. बारा ते चार सावलीत पडून राहणं हे तुमचं औषध आहे. सासूबाई आज असत्या तर मी त्यांनाही हेच सांगितलं असतं.

---

वैरागची_माई

सगळ्यांचं वाचलं. ह्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं. आक्का, तुमचं घागरीचं दोनदा वाचायला लावलं त्यांनी. लगेच काही लिहित नाही. बघते.

---

वैरागची_माई
मे, पहिला आठवडा

उत्तर द्यायला साडेतीन महिने लागले. मनात रोज होतं.

म्हैस ठेवली आहे. एप्रिलच्या चोवीस तारखेला पहाटे व्यायली. रेडी झाली. मी रात्रभर खुर्ची टाकून गोठ्यात होते, कारण संध्याकाळीच तिच्या शेपटीच्या मुळाशी खळगे पडलेले दिसले होते. वार पडेपर्यंत हलले नाही. रेडीला तासाभरात चीक पाजला. उरलेल्याचा खरवस केला आणि अर्धा पुण्याला पाठवला.

धार शेजारच्या वस्तीवरची सूनबाई काढते. त्या कसाबशा काढणाऱ्या मुलाची ती थोरली भावजय, पंचविशीतली. त्यांच्याकडे जनावर नाही आणि घरात लहान मूल आहे. सकाळचं दूध तिचं, संध्याकाळचं आमचं, असं ठरलं. पैशाचं काही नाही. कोरडवाहू दादा, तुमचा हिशेब मी वहीत मांडून बघितला. तो खरा आहे. म्हैस मला काही कमावून देत नाही. तरी ठेवली आहे.

शिकवायला आठवडा लागला. पूर्ण मुठीनं. पहिले चार दिवस म्हशीनं पान्हा चोरला. रेडी लावली तरी नवा हात लागला की कास आवळून धरायची. सूनबाई रडकुंडीला आली. पाचव्या दिवशी मी आंबोणाचं घमेलं मांडीवर घेऊन तिच्या तोंडासमोर खुर्ची टाकून बसले, शिंगाच्या मुळाशी खाजवत राहिले, रोज धार काढताना बोलायचे तेच बोलत राहिले. तिनं डोळे मिटले आणि पान्हा सोडला.

चरवीत धार वाजायला लागली. तो आवाज माझ्या हाताचा नव्हता. माझी लय जरा धीमी होती, हिची घाईची. मी म्हशीच्या कपाळाला कपाळ टेकवून रडले. सूनबाईला दिसलं नाही, मध्ये अख्खी म्हैस होती.

आता रोज असंच चालतं. चारला उठते. घाई नाही. चहा बसून पिते, आक्का. पाचला सूनबाई बॅटरी घेऊन येते, मी समोर बसते. शेण ती ओढते, मी बघते पातळ झालं का घट्ट. परवा शेणावरूनच ओळखलं की पेंड जास्त झाली आहे.

ज्वारीची काढणी फेब्रुवारीत उक्ती दिली. मी निंबाखाली बसून पेंढ्या मोजल्या. शेकड्याला एक खडा बाजूला. दोन एकराच्या पेंढ्यांत माझा आणि मुकादमाचा आकडा सारखा आला. कडबा दोन ट्रॉली विकला, बाकी म्हशीला ठेवला. दुसऱ्याला पातीत पुढं जाताना बघणं सोपं नाही. सोपं आहे असं कुणी सांगितलं तर मी विश्वास ठेवणार नाही.

फिजिओ ताई किंवा दादा, बार्शीला नऊ वेळा जाऊन आले. मूठ जवळजवळ वळते. कणकेचा गोळा दाबत बसते तेव्हा हे म्हणतात भाकरी कधी होणार.

करमाळ्याच्या दादा, तुमचं लिहिणं मुलाला पाठवलं. त्याचा दोन दिवस फोन आला नाही. तिसऱ्या दिवशी तो स्वतः आला, फरशीला टाके मारणारा माणूस बरोबर घेऊन. संडासात कमोड बसला, दांडी बसली. सौर पंपाचा अर्ज त्यानंच भरला, नंबर लागायचा आहे. जाताना गोठ्यात एकटाच बराच वेळ उभा होता. म्हणाला, आई, त्या तिघींचं मला कळायला हवं होतं. मी म्हणाले, तुला कसं कळणार, मी खाटेवरून काही बोललेच नव्हते. शिट्टी गळ्यात आहे.

परवा दुपारी ऊन फार होतं. मी साडेबाराला आडवी झाले. झोप लागली नव्हती, नुसते डोळे मिटले होते. ह्यांच्या काठीचा आवाज दारात आला. वाटलं काहीतरी काम सांगायला आलेत. त्यांनी हळूच दार लोटून घेतलं, ऊन आत येऊ नये म्हणून, आणि परत गेले.

आक्का, आता तुम्हाला विचारायचं आहे. माळाचा एक तुकडा बोरांसाठी नांगरून घेतला आहे, साधारण वीस गुंठे. खड्डे आत्ता उन्हात तापू देऊ ना? गावरान बोरीची रोपं आधी लावून त्यावर जागेवरच डोळा भरायचा, का तयार कलमं आणायची? खड्डे खणायला माणूस सोमवारी येणार आहे. दोन झाडांत किती अंतर ठेवायचं, तेवढं त्याच्या आधी सांगा. उभ्यानं, न वाकता तोडता येतील अशी बसवायची आहेत.